परत मागितलेली अंडी

अंड्याच्या रुंद टोकाला, कवचाच्या आत, हवेची एक लहानशी पोकळी असते. अंडं ताजं असताना ती करंगळीच्या नखाएवढी असते. कवचाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. त्यांतून आतलं पाणी हळूहळू उडून जातं आणि तेवढी ती पोकळी वाढत जाते. शेवटी शेवटी अंड्याचा चांगला तिसरा हिस्सा रिकामा दिसतो आणि उरलेला सगळा काळा. तो काळोख म्हणजे पिल्लू. टॉर्च अंड्याला टेकवून धरला की पोकळीची कड उजळते, आणि नशीब असेल तर त्या कडेवर एक टोकदार सावली दिसते. ती चोच. तिला लगेच कवच फोडायचं नसतं. आधी आतला पडदा भोसकून पोकळीतली हवा घ्यायची असते. पिल्लाचा पहिला श्वास अंड्यातच होतो.

शनिवारी दुपारी चर्चच्या सामानाच्या खोलीत, दार लावून, मी आणि पिल्लूताई अशा एका सावलीकडे बघत होतो.

"हलली!" पिल्लूताईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"टॉर्च हलला," मी म्हणाले. "तुम्ही हात धरलात म्हणून."

"नाही हो. थांबा. श्वास धरा."

आम्ही दोघींनी श्वास धरला. सावली पुन्हा हलली. या वेळी टॉर्च स्थिर होता.

"उद्या," पिल्लूताई म्हणाल्या. त्यांचे डोळे त्या उजेडात लहान मुलीसारखे चमकत होते. "उद्या संध्याकाळपर्यंत पहिली टोच. बघाच तुम्ही."

मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. घरी मला थर्मामीटर म्हणतात. नाव आत्याने ठेवलं, कारण लहानपणी ताप आला की मी रडायच्या आधी पारा वाचून दाखवायचे. आईवडील गेल्यापासून मी आत्याकडेच आहे, त्यामुळे नावही कायम राहिलं.

पिल्लूताई आमच्या मागच्या गल्लीतल्या. सुरुवातीला लोक त्यांना अंडीवाली म्हणायचे. त्या दर वेळी थांबून सांगायच्या, "अंडी नाही विकत मी. पिल्लं विकते." शेवटी गल्लीने हार मानली आणि नाव बदललं. एकट्या बाई, आमच्या मंडळीतल्या नाहीत, कुठल्याच मंडळीतल्या नाहीत. एका खोलीत त्या आणि त्यांचं अंडी उबवायचं मशीन राहत होतं. मशीन म्हणजे काचेच्या झाकणाची लाकडी पेटी, आत दिवे, पंखा आणि पाण्याचं तबक. ती इमारत आता पाडायची होती. मालकाने आधी जिन्यातला दिवा काढला, मग नळ बंद केला आणि एका सकाळी विजेची तारच तोडली. आमच्या पाळकसाहेबांनी चर्चची सामानाची खोली उघडून दिली, पण "या खेपेपुरती" असं सांगूनच.

ही खेप साधी नव्हती. एका मोठ्या पोल्ट्रीने त्यांना पहिल्यांदाच काम दिलं होतं. पिल्लं चांगली निघाली तर दर महिन्याला देणार होते. नाही निघाली तर पिल्लूताई मशीन विकून भावाकडे जाणार होत्या. "भाऊ चांगला आहे," असं त्या म्हणायच्या. भावजयीबद्दल काहीच म्हणायच्या नाहीत, त्यावरून काय ते कळायचं. आणि पिल्लं निघाली तरी पुढची खेप ठेवायची कुठे? त्यांना एक खोली हवी होती.

खोली आमच्याकडे होती.

आतोबा रेडिओ दुरुस्त करायचे. घराच्या मागे, गल्लीत वेगळं दार असलेल्या खोलीत त्यांचं दुकान होतं. आत पाण्याचा नळ, भिंतीवर सॉकेटांची रांग, मीटरपासून त्यांनी स्वतः ओढलेली जाड वायर. ते गेले तेव्हापासून आत्याने ती खोली उघडलेली नाही. किल्ली मात्र तिच्या पर्समध्ये असते, भाजी आणायला जातानासुद्धा.

पिल्लूताईंनी थंडी सुरू व्हायच्या आधीच विचारलं होतं. आत्या म्हणाली, "प्रार्थनेत ठेवते." त्यानंतर कधीही विचारलं की, "प्रार्थनेत ठेवलंय." मी एकदा म्हटलं, "आत्या, किती दिवस ठेवणार? नासेल." तर तिने माझ्याशी बोलणंच टाकलं. मग मला चहा हवा का हे ती भिंतीला विचारायची.

आत्या कंजूष आहे असं मात्र कुणी समजू नये. आमच्या चर्चमध्ये व्यासपीठासमोर एक लांब टेबल आहे. रविवारी सकाळी ज्याला जे द्यायचं असेल ते त्यावर ठेवून जायचं. कुणी ठेवलं हे विचारायचं नाही. उपासना सुरू व्हायच्या आधी आत्या आणि तिचं भगिनी मंडळ ते सगळं कापडी पिशव्यांत भरतात आणि आसपासच्या अडलेल्या घरांच्या कड्यांना पिशव्या अडकवून येतात. बेल वाजवायची नाही, थांबायचं नाही. घेणाऱ्याची मान खाली जायला नको, हा आत्याचा नियम. टेबलावर काही शिल्लक राहिलं तर तिला उपासनेत लक्ष लागत नाही. हा नियम तिने इतकी वर्षं पाळलाय की आता चर्चमध्ये टेबलावर कुणी छत्रीसुद्धा ठेवत नाही, ती कुणाच्या तरी कडीला जाऊन लटकेल म्हणून.

पिल्लूताईंना हे कुणी सांगितलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी चर्चमध्ये पोचले तेव्हा सामानाच्या खोलीचं दार सताड उघडं होतं, मशीनचं झाकण उघडं होतं आणि आत एकही अंडं नव्हतं. याने मी घाबरले नाही. पिल्लं निघायच्या आधी अंडी ठेवायची चौकट काढून टाकायची असते, तबकात गरम पाणी भरायचं असतं, आणि तेवढा वेळ अंडी बाहेर ठेवावी लागतात. पण कुठे ठेवली होती? मी सभागृहात आले. खिडकीतून येणारं ऊन नेमकं त्या लांब टेबलावर पडलं होतं. टेबलावर पिल्लूताईंची टोपली होती. रिकामी. शेजारी त्यांची लोकरी शाल घडी घालून ठेवली होती, अगदी कडेला कड जुळवून. अशी घडी आमच्या घरात एकच माणूस घालतं.

"आत्या," मी म्हणाले, "इथली अंडी?"

"गेली." आत्या हातमोजे काढत होती. चेहरा प्रसन्न होता. "आत्ताच वाटून आलो सगळ्या. आणि तुला सांगते थर्मामीटर, काय एकेकाचा भक्तिभाव असतो! प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने क्रूस काढला होता गं. एकाही अंड्यावर चुकला नव्हता. माझे तर डोळे भरून आले. शालही चांगली दिलीय कुणीतरी, पण पिशव्या संपल्या, ती पुढच्या रविवारी देऊ."

"आत्या, तो क्रूस नाही."

"मग काय आहे?"

"अधिकचं चिन्ह. दुसऱ्या बाजूला वजा आहे. अंडी हाताने फिरवताना कुठली बाजू वर होती ते कळावं म्हणून."

आत्याचा एक हातमोजा अर्धाच उतरला होता. तो तसाच राहिला.

तेवढ्यात पिल्लूताई पाळकीणबाईंच्या स्वयंपाकघरातून, मंद शेगडीवर बराच वेळ तापवलेल्या पाण्याची किटली घेऊन आल्या. त्यांनी टोपली पाहिली, घडी घातलेली शाल पाहिली, आमच्याकडे पाहिलं. मला वाटलं किंचाळतील. त्यांनी किटली हळूच खाली ठेवली.

"सगळी?" त्यांनी विचारलं.

"सगळी," आत्या म्हणाली. हा एक शब्द तिच्या तोंडून मी इतक्या लहान आवाजात कधी ऐकला नव्हता.

लोक आत येऊ लागले होते. पाळकसाहेब झगा घालून व्यासपीठाच्या पायरीवर उभे होते. मी त्यांना जाऊन सांगितलं, मोजक्या शब्दांत.

"जिवंत आहेत का अजून?" त्यांनी विचारलं.

"असतील. शेवटच्या दिवसांत पिल्लू स्वतःची ऊब स्वतः तयार करतं. थोडा वेळ गारवा सोसतं. कुणी उकळली नसतील तर."

पाळकसाहेबांनी व्यासपीठावरच्या कागदांकडे पाहिलं. त्या दिवशीचा उपदेश वाटेत जखमी होऊन पडलेल्या प्रवाशावर होता, हे बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं. त्यांनी झगा डोक्यावरून काढला आणि खुर्चीवर टाकला.

"मंडळी," ते म्हणाले, "आज उपदेश नाही. ज्यांनी सकाळी पिशव्या वाटल्या त्या भगिनी पुढे या. ज्यांना सायकल चालवता येते त्यांनी हात वर करा."

चर्चमध्ये एकदम बाजार भरल्यासारखा गलका झाला. कुणाला वाटलं आग लागली, कुणाला वाटलं सहल आहे. मी बाकावर उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच.

"अंडी सरळ धरायची, रुंद टोक वर!" मी ओरडले. "हलवायची नाहीत. हातात धरायची नाहीत, कपड्यांच्या आत, अंगाला लावून आणायची. आणि ज्याने जिथे पिशवी अडकवली, त्याने तिथेच जायचं!"

"आणि म्हणायचं काय?" गायनमंडळात सगळ्यात खालच्या सुरात गाणारा नळवाला उभा राहिला. "दिलेलं परत द्या?"

"हो."

"माझ्याच्याने नाही व्हायचं. मला गटारात उतरायला सांगा, मी उतरतो. गरिबाच्या दारात जाऊन अंडी मागायची म्हणजे..."

"चला हो!" पाळकीणबाईंनी त्याला दंडाला धरून दाराबाहेर काढलं. "मी मागते. तुम्ही फक्त शर्टात घाला."

आत्याने स्वतः ज्या घरांना पिशव्या अडकवल्या होत्या तिकडे आम्ही तिघी निघालो. आत्या पुढे, तिच्यामागे मी, माझ्यामागे शाल छातीशी धरलेल्या पिल्लूताई. आत्याला गुडघेदुखी आहे. त्या दिवशी ती गुडघे घरी विसरून आल्यासारखी चालत होती.

पहिलं घर जुळ्यांच्या आईचं. आत्याने बेलवर बोट ठेवलं आणि क्षणभर तसंच धरलं. मग दाबलं. दार उघडलं. एक बाळ खांद्यावर, दुसऱ्याचं आतून रडणं.

"बाई, तुमच्या पिशवीत अंडी होती..." आत्याने सुरुवात केली.

"हो, उकडायला ठेवलीत आत्ताच. का?"

मी आत्याच्या बाजूने कशी आत घुसले ते मला आठवत नाही. गॅस बंद केला आणि हात सरळ पातेल्यात घातला. पाणी कोमट होतं. आंघोळीच्या पाण्याहूनही कमी.

"कोमटच आहे!" मी ओरडले. "अंगाएवढंच गरम आहे!"

पिल्लूताईंनी पदराने एकेक अंडं टिपलं. मग मांडी घालून जमिनीवर बसल्या आणि एक अंडं कानाला लावलं. जुळ्यांची आई, तिच्या खांद्यावरचं बाळ, आत्या, मी, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"आहे," पिल्लूताई म्हणाल्या. "बोलतंय."

"बोलतंय म्हणजे? कोण बोलतंय?" जुळ्यांच्या आईने विचारलं. तिला सगळं सांगितल्यावर तिने तोंडावर हात ठेवला. मग लगेच तो हात काढून ती कामाला लागली. "द्या इकडे. आमच्या बाबागाडीत घाला, दोघांच्या मधे. तिथे ऊब असते. ओलसुद्धा असते, त्याची काही खात्री द्यायला नको." ती चपला शोधू लागली. "मी आणते चर्चमध्ये. तुम्ही पुढच्या घरी पळा. आणि काय हो," ती आत्याला म्हणाली, "त्या पिशव्या तुम्हीच अडकवता होय? मला वाटायचं वरच्या मजल्यावरचा तो चिडका म्हातारा अडकवतो. म्हणून मी रोज त्याला हसून नमस्कार करते, आणि तो आणखीनच चिडतो!"

आत्या हसली. पण चालायला लागल्यावर मी पाहिलं, ती हसत नव्हती.

दुसरं घर शिंप्याचं. त्याचा पाय मोडल्यापासून मशीनवर कापड चढलेलं नव्हतं. दार उघडंच होतं. तो खुर्चीत बसला होता, प्लास्टरमधला पाय स्टुलावर. समोर टेबलावर वाटी, वाटीवर रुमाल. शेजारी बाकीची अंडी पिशवीत तशीच होती.

आमच्या तोंडून काही निघायच्या आधीच तो म्हणाला, "मी एकच फोडलं."

पिल्लूताईंनी रुमाल थोडा उचलला आणि परत नीट ठेवला.

"मला माहीत नव्हतं," शिंपी म्हणाला. "भूक लागली होती. फोडलं आणि... मला वाटलं, हे कुणी आणि का केलं असेल? मग बाकीची तशीच ठेवली. उन्हात सरकवली. म्हटलं, कुणीतरी येईल."

"तुमची चूक नाही," पिल्लूताई म्हणाल्या. "तुमची काहीच चूक नाही."

"माझी आहे," आत्या म्हणाली.

शिंप्याने तिच्याकडे पाहिलं. "बाई, तुमची पावलं मी ओळखतो. पाय मोडला तेव्हापासून दर रविवारी ऐकतो. पिशवी अडकते, पावलं जातात. मी इथून हाका मारायचो. निदान थांबून कपडे द्याल कुणीतरी, मी शिवून देईन, बसून शिवता येतं मला हाताने. पण तुम्ही इतक्या झपाझप जाता!" तो हसला. "आज पहिल्यांदा आत आलात. तेही दिलेलं परत न्यायला."

आत्या त्याच्या खुर्चीजवळ गेली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अंडी शर्टात घेऊन येणार का?"

"येईन की. पण कसा?"

त्याचं उत्तर त्याच वेळी घंटी वाजवत गल्लीत शिरलं. पाळकसाहेब सायकलवरून येत होते, एक हात पोटाशी, शर्ट अंड्यांनी फुगलेला. आम्ही शिंप्याला मागच्या कॅरिअरवर बसवलं. प्लास्टरचा पाय भाल्यासारखा आडवा बाहेर आला. "बाजू! बाजू!" असं ओरडत दोघे वळणावरून दिसेनासे झाले. समोरच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघत राहिली.

तिसरं घर म्हणजे म्हाताऱ्या बाई. सगळ्या वस्तीला शिकवून निवृत्त झालेल्या आणि आता डोळ्यांनी जवळजवळ काही न दिसणाऱ्या. मलाही त्यांनीच पाढे शिकवले. आम्ही बेल वाजवली तर आतून आवाज आला, "हळू! ती दचकतील!"

बाई पलंगावर बसल्या होत्या. अंडी उशीवर, अंगावरची रजई त्यांच्यावर ओढलेली.

"बाई, तुम्हाला कळलं?" मी विचारलं.

"डोळे गेलेत माझे, कान नाही गेले. पिशवी उचलली तर पिशवीच टकटक करतेय. मघापासून बोलतेय मी यांच्याशी." त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "थर्मामीटर ना तू? आवाजावरून ओळखलं. तापमान किती लागतं गं यांना?"

"अडतीसच्या जरा खाली, बाई."

"मग माझं अंग पुरेल. पण एक अट आहे. मला बरोबर न्याल तर अंडी देईन. नाहीतर नाही. गेल्या पावसाळ्यापासून मला या जिन्याखाली कुणी नेलेलं नाही."

"बाई, आम्ही दर रविवारी पिशवी..." आत्या म्हणाली.

"पिशवी येते," बाई म्हणाल्या. "पण पिशवीचा हात धरून जिना उतरता येत नाही."

आत्याने त्यांना हात दिला. जिना अरुंद होता आणि बाईंना दोन्ही हातांचा आधार लागत होता, म्हणून त्यांची अंडी आम्ही वाटून घेतली. आत्याच्या वाट्याला एक आलं. तिने इकडेतिकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि ते पोलक्यात ठेवलं. जिन्याच्या मध्यावर ती एकदम थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," आत्या म्हणाली. तिचे डोळे मोठे झाले होते. "टोचतंय."

आम्ही चर्चमध्ये परतलो तेव्हा ते ओळखू येत नव्हतं. मंडळी परत आली होती, आणि प्रत्येकाबरोबर ज्याच्या घरी पिशवी जायची ते माणूस होतं. पोटाशी हात धरलेले पुरुष, शालीत हात लपवलेल्या बायका, बाबागाडीत जुळी आणि जुळ्यांच्या मधे अंडी. शिंपी पहिल्या बाकावर पाय पसरून बसला होता आणि नळवाल्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावत होता. शर्ट अंगावरच, आत अंडी. "हलू नका हो," तो दरडावत होता. "सुई आहे हातात."

"मागितलीत का शेवटी?" मी नळवाल्याला विचारलं.

"मागितली. आणि आम्ही गेलो त्या म्हातारबांनी अंडी दिली ती दिलीच, वर मला चहा पाजला. मी कधी त्यांच्या घरात गेलो नव्हतो. बाहेरून पाइप दुरुस्त करून यायचो." त्याचा खर्जातला आवाज आनंदाने चिरकला. "आत भिंतीभर पतंग आहेत हो त्यांच्या! स्वतः केलेले!"

सामानाच्या खोलीत पिल्लूताईंनी एकेक अंडं घेतलं, कानाला लावलं आणि पेटीत ठेवलं. मी काच पुसून आकडा बघितला. पारा चढत होता. मग घोटाळा सुरू झाला. आमच्या मंडळीला कुठलीही गोष्ट लांबून बघून प्रार्थना करता येत नाही. जो तो यायचा, काचेचं झाकण उचलायचा, "प्रभू, या लहानग्यांना सांभाळ" म्हणायचा आणि झाकण ठेवायचा. लगेच पुढचा.

"झाकण उघडू नका!" मी म्हणाले. "आतली ओल जाते. पडदा सुकला तर पिल्लू चिकटून मरेल. प्रार्थना काचेतून करा!"

"काचेतून पोचते का?" कुणीतरी मागून विचारलं.

"काचेतूनच जास्त पोचते," पाळकसाहेब म्हणाले आणि दारात आडवे उभे राहिले.

पण पारा उतरला होता. नळवाल्याने मदत म्हणून पाळकीणबाईंच्या घरचा हीटर आणून शेजारच्या सॉकेटला लावला. मला ओरडायला उशीर झाला. फट् असा आवाज आला, पेटीतले दिवे गेले, पंखा थांबला, सभागृहातले दिवेही गेले. खिडकीतलं ऊन केव्हाच टेबलावरून सरकलं होतं.

त्या शांततेत आम्हा सगळ्यांना ते ऐकू आलं. पेटीच्या आतून बारीक, एकसारखी चिवचिव. कवचाच्या आतली.

"निघाली!" जुळ्यांची आई म्हणाली.

"एकाला टोच पडलीय," मी काचेला डोळा लावून म्हणाले. वजाच्या खुणेजवळ कवचावर चांदणीसारखा तडा होता. "आता थांबवता येणार नाही. आता ऊब हवी. आता म्हणजे आत्ता. बंद खोली, आणि वीज."

नळवाला फ्यूजच्या पेटीत डोकं घालून आला. "वायरच जळलीय. आज होणार नाही."

पिल्लूताई पेटीवर शाल पांघरत होत्या. त्यांनी कुणाकडे काही मागितलं नाही. त्यांचं आधीच खूपदा मागून झालं होतं. पाळकसाहेबांनी आत्याकडे पाहिलं. पाळकीणबाईंनी पाहिलं. मीही पाहिलं. त्या खोलीबद्दल मंडळीत सगळ्यांना माहीत होतं, आणि तिचं ते नेहमीचं उत्तरही.

आत्या पेटीशी उभी होती. तिचं अंडं तिने अजून दिलेलं नव्हतं. एक हात पोलक्यावर, दुसरा बाईंच्या हातात. तिचा चेहरा, कुणीतरी कानात काही सांगत असावं आणि तिला ते नीट ऐकायचं असावं, तसा झाला होता.

"बाई," पिल्लूताई आत्याला हळूच म्हणाल्या, "ते अंडं ठेवू या का आत?"

"राहू दे माझ्याकडे. घरी पोचेपर्यंत," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "थर्मामीटर, माझे हात मोकळे नाहीत. पर्स उघड. मधल्या कप्प्यात किल्ली आहे."

मी किल्ली काढली. ती इतकी गुळगुळीत झाली होती की हातातून निसटत होती.

"पुढे पळ. ह्यांच्या खोलीचं दार उघड आणि मेन स्विच लाव. टेबलावरचे रेडिओ खाली ठेव, पण नीट ठेव. नळवाले, पेटी उचला. सरळ धरा, रुंद टोक वर!"

"पेटीला रुंद टोक नसतं हो," नळवाला म्हणाला आणि पेटी उचलली.

"तोंड कमी चालवा. पाय चालवा."

पाळकसाहेब दारातून बाजूला झाले. "या खेपेपुरती ना?" त्यांनी विचारलं. मला वाटतं, स्वतःचेच शब्द त्यांना त्या दिवशी टोचत असावेत.

आत्या उंबऱ्यावर थांबली. सगळे ऐकत होते, बाबागाडीतली जुळीसुद्धा गप्प होती. तिने पिल्लूताईंकडे पाहिलं आणि उपासनेत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नाही. पिल्लूताई, तुमचं सामानही आजच आणा. मागची खोली मी तुम्हाला राहायला दिली."